मोकळा हात दिला म्हणजे निर्णय झाला असं नसतं

पारोळ्याच्या एका भाऊंनी प्रश्न विचारलाय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की १९६२ असो, कारगिल असो नाहीतर विमान अपहरण असो, देशावर वेळ आली की दिल्लीत फाइल फिरत बसते, बाबू लोक क्वेरी काढतात, नेते बैठकीवर बैठक घेतात आणि तिकडे जवान मरतो, मग लष्कराला सरळ मोकळा हात देऊन ही मधली साखळीच का काढून टाकत नाहीत? शेवटी त्यांनी हेही लिहिलंय की ते सीजीएल (केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची स्पर्धा परीक्षा) देताहेत, संरक्षण लेखा खात्यात ऑडिटर म्हणून नंबर लागू शकतो, म्हणजे "उद्या मीच तो बाबू झालो तर काय करू".

शेवटचा प्रश्न मला जास्त आवडला म्हणून लिहितोय. मी संरक्षण खात्याच्या खरेदी विभागात बरीच वर्षं नोकरी केली, आता रिटायर आहे. कुठल्या कारखान्यात ते राहू द्या. आपल्याकडे भुसावळचा कारखाना १९४९ चा आणि वरणगावचा १९६४ चा, म्हणजे ६२ चा मार खाल्ल्यानंतरचा, त्यामुळे जळगाव जिल्ह्यात गल्लीगणिक एखादा माणूस या खात्यातला निघतोच. मी सैनिक नव्हतो. पण काडतुसाचं पितळ, बारूद, पेटी, पेटीचं सील, हे सगळं ज्या कागदांवरून पुढे सरकतं ते कागद मी रोज हाताळलेत, तेवढ्याच अधिकाराने बोलतो, जास्त नाही.

पहिली गोष्ट म्हणजे भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे उशीर एकत्र झालेत. एक निर्णयाचा उशीर. लढायचं का, कुठपर्यंत जायचं, विमानं वापरायची का, कुठे थांबायचं. हे ठरवायला काही तास, फार तर काही दिवस लागावेत. दुसरा सामानाचा उशीर, म्हणजे तोफा, दारूगोळा, बूट, रडार, आणि याला वर्षं लागतात, कितीही आरडाओरडा केला तरी वर्षंच लागतात. केळीचा घड कधी कापायचा ते एका सकाळी ठरतं, पण रोपं लावायचं वर्षभर आधी ठरलेलं असावं लागतं, हे आपल्या रावेर-यावलवाल्यांना सांगायला नको. टीव्हीवर भांडण चालू असतं ते घड कापायच्या सकाळचं, आणि खरी बोंब असते ती मागच्या वर्षी रोपं लावलीच नाहीत याची.

दुसरं, यात बरंच काही परिस्थितीवर असतं हे कबूल करायला पाहिजे. लोकांना वाटतं सरकार मजबूत असलं की निर्णय पटापट होतात. ६२ ला नेहरूंकडे बहुमत किती होतं ते बघा, समोर विरोधी पक्ष नावालाच, आणि तरी घोळ झाला. कारगिलच्या वेळी वाजपेयींचं सरकार १७ एप्रिल १९९९ ला एका मताने पडलेलं होतं, म्हणजे लढाई लढली ती काळजीवाहू सरकारने. तेव्हा बहुमताचा आणि निर्णयाचा संबंध तुम्हाला वाटतो तितका सरळ नाहीये. माझ्या मते जास्त फरक पडतो तो संकट कसं येतं त्याने. अचानक हल्ला झाला तर उलट सोपं असतं, समोर पर्याय कमी, जनता पाठीशी, सगळे एका आवाजात बोलतात. शत्रू इंच इंच सरकत असतो तेव्हा खरी पंचाईत होते, कारण रोज सकाळी असं वाटू शकतं की आज नाही ठरवलं तरी चालतंय.

आता फाइल कशी अडते ते सांगतो. हे आतून बघितल्याशिवाय कळत नाही आणि बाहेर लोक समजतात की बाबू चहा पीत बसतो म्हणून अडते. (चहा पितोच, तो मुद्दा वेगळा.)

समजा दारूगोळ्याच्या डब्याला लागणारं एक रबरी सील घ्यायचंय. किरकोळ वस्तू, पण ते नसेल तर डबा ओलाव्यापासून बंद होत नाही आणि डबा बंद झाला नाही तर माल इन्स्पेक्शनला पास होत नाही. इंडेंट म्हणजे मागणीपत्र निघतं, टेंडर निघतं, एलवन म्हणजे सगळ्यात कमी दर देणारा ठरतो, पण त्याचा रेट मागच्या खरेदीपेक्षा चढा असतो. फाइल फायनान्सकडे जाते. तिथून नोटिंग येतं, दर वाजवी असल्याचं कसं ठरवलं? आम्ही उत्तर लिहितो, रबर महागलं, वाहतूक वाढली, सोबत कागद, फ्लॅग ए, फ्लॅग बी. परत येते, पुन्हा टेंडर का काढू नये? उत्तर लिहितो. मग वरचे साहेब मार्जिनमध्ये दोन शब्द लिहितात, "प्लीज स्पीक". आता हे दोन शब्द नीट समजून घ्या. प्लीज स्पीक म्हणजे समोर येऊन बोला, पण मी काय म्हणालो ते कागदावर येणार नाही. आपण जातो, बोलतो, ते मान डोलावतात, आपण पुढच्या नोटमध्ये लिहितो "ॲज डिस्कस्ड", आणि फाइल पुन्हा त्याच टेबलावर, कारण काय डिस्कस झालं ते कोणाच्याच सहीने नाहीये. तोवर सप्लायरच्या ऑफरची मुदत संपते, आणि तो म्हणतो नवीन रेट देतो. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

यात एकही माणूस कामचुकार नाहीये हे लक्षात घ्या. प्रत्येकाने नियमाप्रमाणेच केलं. फक्त गणित असं आहे की "हो" लिहिणाऱ्याला उद्या ऑडिट पॅरा म्हणजे हिशोब तपासणीचा आक्षेप लागू शकतो, व्हिजिलन्सची चौकशी लागू शकते, रिटायर झाल्यावर पेन्शन अडकू शकते, आणि "अजून एक माहिती द्यावी" असं लिहिणाऱ्याला आजवर काही झाल्याचं मी पाहिलं नाही. आमच्याकडे धुळ्याचा एक जुना स्टोअरकीपर होता, कोणी तावातावाने भाषण द्यायला लागलं की तो अहिराणीत एवढंच विचारायचा, "मंग सही कोन करी?" सगळी मिटिंग गप्प.

मग कारगिल सुरू झालं. तीच माणसं, त्याच खुर्च्या, तेच नियम, आणि फायली पळायला लागल्या. का? कारण वरून लेखी आलं की अमुक वस्तू अमुक तारखेपर्यंत पाहिजेत, खरेदी करा, कार्योत्तर मंजुरी आम्ही घेऊ. म्हणजे सही कोन करी या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बाबू बदलला नव्हता. वरच्या माणसाने आपलं नाव कागदावर घातलं होतं एवढाच फरक. पुढे कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकाने, त्या सगळ्या घाईच्या खरेदीचा हिशोब काढला, तेव्हा दिसलं की तातडीने म्हणून मागवलेल्या मालातला बहुतेक माल लढाई थांबल्यानंतर आला. म्हणजे कागद पळाले तरी कारखाने आणि जहाजं पळत नाहीत. वर म्हटलं ना, दोन उशीर वेगळे आहेत.

आता तुमच्या मोकळ्या हाताकडे येतो, इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

६२ ची गोष्ट लोक सांगतात ती अशी की सैन्याला लढू दिलं नाही. नमका चूच्या, म्हणजे आताच्या अरुणाचलातल्या सरहद्दीवरच्या नदीच्या, बाबतीत तर उलटंच झालं. ८ सप्टेंबर १९६२ ला चिनी थागलाच्या धारेवरून खाली ढोला ठाण्याजवळ उतरले. पंतप्रधान नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला युनोत. इकडे दिल्लीत बैठका चालू, चिन्यांना हाकलायचं असं बोललं जातंय. लष्करप्रमुख जनरल थापर यांना त्यातला धोका दिसत होता, त्यांनी सांगितलं की मला हे लेखी द्या. तर २२ सप्टेंबरला लेखी आदेश आला, सही संरक्षण मंत्रालयातले सहसचिव सरीन यांची. आदेशाचा मतलब एवढाच की आधी चर्चेत ठरल्याप्रमाणे सैन्याने तयारी करावी आणि लवकरात लवकर चिन्यांना बाहेर काढावं.

जरा माझ्यासारखी खरेदीवाल्याची नजर लावून हा कागद वाचा. "आधी ठरल्याप्रमाणे", म्हणजे आमचं ॲज डिस्कस्ड. त्या काळात मेनन यांच्या बैठकांचं इतिवृत्त ठेवायचं नाही असाही प्रकार होता, म्हणजे काय डिस्कस झालं ते शोधायलाही जागा नाही. "लवकरात लवकर", म्हणजे तारीख नाही. किती फौजेने, कुठल्या रसदेवर, चीनने दुसरीकडे उत्तर दिलं तर काय, यावर एक अक्षर नाही. आणि देशाला युद्धात ढकलू शकणाऱ्या कागदावर ना पंतप्रधानाची सही ना संरक्षणमंत्र्याची. हाच तो मोकळा हात. करा, काढा त्यांना बाहेर, कसं ते तुमचं तुम्ही बघा.

तिकडे ब्रिगेडियर दळवींची सातवी ब्रिगेड नमका चूच्या काठावर, वरच्या धारेवर चिनी बसलेले. अंगावर उन्हाळी सुती कपडे, पाउचमध्ये माणशी पन्नासेक गोळ्या, विमानातून त्सांगधरला टाकलेल्या सामानातलं बरंचसं दरीत गेलेलं. १२ ऑक्टोबरला नेहरू श्रीलंकेला जाताना पत्रकारांना सांगून गेले की सैन्याला आपला भाग मोकळा करायला सांगितलंय. २० ऑक्टोबरच्या पहाटे चीनने हल्ला केला आणि ती ब्रिगेड त्याच दिवशी मोडली. लढाऊ विमानं तर त्या अख्ख्या युद्धात हल्ल्याला वापरलीच नाहीत. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी या सगळ्याचा अहवाल १९६३ मध्ये दिला, तो सरकारने आजपर्यंत अधिकृतपणे छापलेला नाही, त्यामुळे त्याचा थोडा भाग बाहेर फुटलाय त्यावरच सगळ्यांची भिस्त.

मेनन मंत्रिपदावरून गेले आणि आपले यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यांनी २१ नोव्हेंबरला कारभार घेतला तेव्हा चीनने शस्त्रसंधी जाहीर केलीच होती. यशवंतरावांची खरी परीक्षा तीन वर्षांनी झाली, आणि आपल्याकडे त्याबद्दल फार कमी बोलतात हे मला खटकतं. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी रणगाडे जम्मूकडच्या छांबमध्ये घुसले. दुपारी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग चव्हाणांकडे आले, विमानं पाहिजेत म्हणाले. विमानं वापरणं म्हणजे युद्ध वाढणार, तीन वर्षांपूर्वी याच निर्णयाला अख्खं सरकार घाबरलेलं. चव्हाणांनी काही मिनिटांत परवानगी दिली आणि संध्याकाळ व्हायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. समिती नाही, प्लीज स्पीक नाही.

पण इथेही दुसरा उशीर सोडत नाही बघा. उडालेली पहिली विमानं होती व्हॅम्पायर, जुनी, आणि त्यातली चार त्याच संध्याकाळी पडली. निर्णय मिनिटांत झाला, विमानं मात्र मागच्या दशकातली होती. त्याला चव्हाण तरी काय करणार.

कारगिलला तर हात मोकळा नव्हताच, चांगला घट्ट बांधलेला होता. मे १९९९ च्या सुरुवातीला मेंढपाळांनी घुसखोर बघितले, वर समज झाला की थोडेफार अतिरेकी असतील. हवाई दलाला आधी नाही म्हटलं गेलं, मग २५ मेला परवानगी आणि २६ ला हल्ले सुरू. म्हणजे तीनेक आठवडे गेले, त्यावर टीका झाली पाहिजे आणि झालीही. पण परवानगी देताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली की नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. ती अट हवाई दलाला जड गेली, पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक हेलिकॉप्टर गेलं. पायदळाला जास्तच जड, समोरून खडा चढ चढावा लागला, अख्ख्या लढाईत ५२७ जवान गेले. कोणाला ती अट चुकीची वाटेल, त्यावर वाद घालता येतो. पण अट माहीत होती, तिच्यात बसेल असं नियोजन बदललं, मिराज आणून उंचीवरून लेझर बॉम्ब टाकले, आणि जगातही आपली बाजू धरून ठेवता आली. फौजेला बंधन चालतं. तिला चालत नाही ते म्हणजे काय साधायचंय तेच कोणी न सांगणं.

आणि तसं झालं ते अडीच वर्षांनी. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला, अख्खी फौज सरहद्दीवर नेली, ऑपरेशन पराक्रम. मोठ्या तुकड्या जागेवर पोचायलाच तीन आठवडे लागले, तोवर जगाचे फोन सुरू झालेले. पुढे जवळपास दहा महिने फौज उभी राहिली, सुरुंग पेरताना, काढताना आणि अपघातांत शेकडो जवान गेले, युद्ध न होता. कशासाठी उभे आहोत याचं नेमकं उत्तर वर ठरलेलंच नव्हतं. अमृतसरला १९९९ च्या २४ डिसेंबरला अपहरण झालेलं विमान पाऊण तास जमिनीवर होतं, तेव्हा छोट्या प्रमाणात हेच झालं होतं. दिल्लीत संकट व्यवस्थापन गट बसलेला, पंजाबचे पोलीस विमानतळावर, एनएसजीचे कमांडो पोचायचे होते, विमान थांबवा असं सगळ्यांनाच वाटत होतं आणि ते नेमकं कोणी, कशाने, कोणाच्या जबाबदारीवर थांबवायचं हे ठरेपर्यंत विमान लाहोरला गेलेलं.

उशीर म्हणजे कायम वाईट असंही नाही, हे सांगायचं राहायला नको. १९७१ ला एप्रिलपासूनच घुसायची घाई करणारे होते. सरकार आणि लष्कर थांबले, पावसाळा जाऊ दिला, हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद व्हायची वाट बघितली, ऑगस्टमध्ये रशियाशी करार केला, रस्ते आणि साठे तयार केले, आणि डिसेंबरमध्ये १३ दिवसांत काम झालं. बाहेरून पाहणाऱ्याला ते आठ महिने चालढकलच वाटली असणार. पण त्या आठ महिन्यांत दर महिन्याला काहीतरी जमवलं जात होतं, आणि मी तरी हीच एक कसोटी लावतो, की थांबलेल्या काळात साठा वाढतोय का नुसत्या बैठका वाढताहेत.

सामानाच्या उशिराबद्दल थोडक्यात, नाहीतर हे फारच लांबेल. बोफोर्सचा करार १९८६ चा, त्याच्या घोटाळ्याच्या भीतीने पुढे कोणी मोठ्या तोफांच्या फाइलवर सही करेना, पुढचा करार, अमेरिकन एम ७७७ चा, झाला २०१६ ला. तीस वर्षं. या भीतीचा खर्च कुठल्याच ऑडिट पॅऱ्यात दिसत नाही. कॅगने २०१७ ला सांगितलं की तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांचाही नव्हता. २०२० च्या फेब्रुवारीत उंचावरच्या जवानांच्या बुटाकपड्यांच्या तुटवड्याचा अहवाल संसदेत आला आणि जूनमध्ये गलवान झालं, मग थंडीचे कपडे धावपळ करून बाहेरून आणावे लागले आणि ३०० कोटींपर्यंतच्या तातडीच्या खरेदीचे अधिकार दलांना दिले गेले. तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा ही शिफारस कारगिलनंतर २००१ ला मंत्रिगटाने केली, पद भरलं गेलं १ जानेवारी २०२० ला. यात एकाही ठिकाणी कोणी "नाही" म्हणालं नाही हं, सगळे तत्त्वतः हो च म्हणत होते.

तर तुमच्या साखळी काढून टाकण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. मधली माणसं काढली तर पैसा कुठे गेला ते विचारणारं कोणी उरणार नाही, आणि लढाईचं ध्येय ठरवायचं काम लष्करावर टाकणं म्हणजे निवडून आलेल्या माणसाने आपलं काम ढकलणं आहे. पुढच्या वेळी कोणी नेता "सैन्याला पूर्ण मोकळीक दिली आहे" म्हणाला तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच बघा की काय साध्य करायचं आणि कुठे थांबायचं हे ठरलंय का. ते सगळं जाहीर सांगणार नाहीत, सांगूही नये, पण ठरलेलं असलं की हालचालीत दिसतं.

आता तुम्ही स्वतः त्या खुर्चीत बसलात तर. मोठे निर्णय तुमच्याकडे येणार नाहीत, रबरी सील येईल. तेव्हा क्वेरी काढायची असेल तर सगळ्या एकदाच काढा, एकेक करून नको, हा माझा पहिला आग्रह. नोटमध्ये ऑफरची मुदत कधी संपते ती तारीख वरच लिहा, आणि त्या तारखेपर्यंत सही झाली नाही तर कुठली लाइन थांबेल आणि नवीन टेंडरला किती महिने जातील तेही लिहा, म्हणजे न करण्याची किंमत करण्याच्या किमतीशेजारी दिसते. प्लीज स्पीक आलं तर जा, बोला, आणि परत येऊन साहेब काय म्हणाले ते त्याच दिवशी फाइलवर लिहून त्यांच्याकडेच पाठवा. पहिल्यांदा चिडतील. दर चढा वाटला तर जरूर अडवा, तुमचं कामच आहे ते, फक्त अडवताना मग काय करावं हेही स्वतःच्या सहीने लिहा. परीक्षेला सध्या गणिताचा भाग जास्त पकडा, सीजीएलला मार्क तिथेच जातात.